जेवून आलेली माणसं

ब्रंचला उपाशी पोटी जायचं असतं, हे रत्नप्रभा राऊळांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. बाहेर कुठे निघायचं तर घरून जेवून निघायचं, नाहीतर चारचौघांत आपला माणूस ताटावर तुटून पडतो आणि शोभा होते, असं त्यांचं ठाम मत. त्या रविवारीही जोगेश्वरीहून निघण्याआधी त्यांनी नवऱ्याला सुरमईचं कालवण आणि भात असा काही आग्रहाने वाढला, की चंद्रप्रकाश राऊळ चप्पल घालायला वाकले ते थोडा वेळ तसेच राहिले.

"आई, ब्रंच म्हणजे जेवणच असतं गं," दिशा म्हणाली.

"असेल. पण तिथे पाव देतात म्हणे. पावाने काय होतंय?"

दिशाने रिक्षा बोलावली. आज भांडण तिला परवडणारं नव्हतं. ज्याच्याशी लग्न करायचं म्हणून ती घरात हटून बसली होती, त्या सम्यक हिवराळेचे आईवडील मुलुंडहून येणार होते. बाबांनी अजून हो म्हटलं नव्हतं, नाही पण म्हटलं नव्हतं. राऊळ कोकणातले, हिवराळे बुलढाण्याकडचे बौद्ध. आधी कोणी कोणाच्या घरी जायचं यावरच दोन्हीकडे इतका खल झाला, की शेवटी मुलांनीच वर्सोव्याचं हे छोटं हॉटेल, बिस्ट्रो का काय ते, ठरवलं. म्हणजे कोणीच कोणाकडे गेलं नाही.

जागा मात्र झकास होती. काचेतून समुद्रावरचं ऊन गाळून गाळून आत येत होतं. कुठेतरी पियानो वाजत होता, तोही अर्धवट झोपेत वाजवल्यासारखा. दोन्ही वडिलांना एकाच लांब सोफ्यावर बसवलं होतं आणि सोफा इतका मऊ, की बसलेला माणूस हळूहळू खालीच जात राही.

"हवा चांगली आहे," राऊळ म्हणाले.

"हो, आहे," भीमराज हिवराळे म्हणाले. "मुलुंडला एवढी नसते."

"जोगेश्वरीला पण नसते."

इथे हवा संपली. दोघं समुद्राकडे बघत बसले.

मग प्लेटा आल्या. अ‍ॅव्होकाडो टोस्ट, अंड्यांचे दोन प्रकार, वॉफलचा ढीग. राऊळांच्या पोटात सुरमई अजून जागची हलली नव्हती. वास आला मात्र, त्यांच्या तोंडून गेलं, "माका नको." आणि प्लेट त्यांनी दूर सारली.

हिवराळ्यांनी त्या प्लेटकडे पाहिलं, राऊळांकडे पाहिलं आणि हातातला काटा खाली ठेवला. त्यांच्या बायकोने, कमलबाईंनीही ठेवला.

सम्यक दिशाच्या कानाशी वाकला. "तुझे बाबा आमच्याबरोबर खात नाहीयेत."

"अरे, तसं काही नाहीये."

"मला माहितीये गं. पण पप्पांना काय वाटेल? त्यांनी आयुष्यात हे खूप वेळा बघितलंय."

दिशा पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने उठली आणि बाबांच्या कानात म्हणाली, "बाबा, खा ना. त्यांना वाटतंय तुम्हाला त्यांच्या पंगतीत बसून खायचं नाहीये."

चंद्रप्रकाश राऊळ हा तसा सरळ माणूस. हा अर्थ निघू शकतो हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. दुसरं काही न सुचून त्यांनी हिवराळ्यांच्या प्लेटमधला टोस्ट उचलला, मोडला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात कोंबला. उरलेला अर्धा त्यांच्यापुढे धरला.

"घ्या, साहेब. बरा आहे."

हिवराळ्यांनी तो घेतला. त्यांचा चेहरा असा काही सैल झाला, की राऊळांनी त्या भरात एक वॉफल खाल्लं. मग हिवराळ्यांनी एक खाल्लं, आता मागे राहणं बरं दिसलं नसतं. मग अंडी. पाहुण्याचा मान राखण्यात दोघंही कमी पडेनात. वर कोल्ड कॉफी, तीही मलई घातलेली.

आणि मग झोप आली. समुद्रावरून आली की सोफ्यातून, कोण जाणे. पियानो लांब जात गेला. राऊळ एका होडीत बसले होते, खाडीपलीकडचं मढ समोर दिसत होतं पण जवळ येत नव्हतं. शेजारी हिवराळे होते. पाण्यावर ऊन होतं आणि दोघांनाही कसलीच घाई नव्हती.

"वाट लागली," दिशा पुटपुटली.

बाबांचं डोकं हिवराळ्यांच्या खांद्यावर टेकलं होतं. हिवराळ्यांचं डोकं बाबांच्या डोक्यावर. दोघं एका तालात घोरत होते. सम्यक त्यांना हलवायला उठला.

"राहू दे रे," कमलबाई म्हणाल्या. "रविवारचं जेवल्यावर यांना उठवलं, तर दिवसभर तोंड फुगवून बसतात."

"जेवल्यावर?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

कमलबाई ओशाळल्या. "मटण-भाकर खाऊन निघालो हो आम्ही. म्हटलं, नव्या माणसांपुढे हावरटपणा नको दिसायला."

"आमच्याकडे सुरमई होती," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. नवरे झोपलेले म्हटल्यावर बायकांना बोलायला मोकळं रान. मुलांच्या खोड्या, गुडघे, लग्नाची कार्यालयं, सगळं निघालं. वेटरने आपण होऊन त्या बाजूचा दिवा मंद केला.

राऊळांना जाग आली तेव्हा समुद्रावरचं ऊन पिवळं झालं होतं. हिवराळ्यांच्या नव्या शर्टाच्या खांद्यावर ओला डाग पडला होता, आणि तो कशाचा हे विचारायची गरज नव्हती.

"माफ करा हो. तुमचा शर्ट..."

"राहू द्या. मी पण तुमच्या डोक्यावरच होतो."

दिशा श्वास रोखून बाबांकडे बघत होती. राऊळांनी केस नीट केले, जरा घसा साफ केला.

"मला परक्या जागी झोप येत नाही," ते म्हणाले. "हिच्या माहेरी पण अजून येत नाही. आज कशी लागली, कळलंच नाही."

हिवराळ्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी आमच्याकडे या. उशी कशी लागते तुम्हाला?"

"जरा कडक."

"एक की दोन?" कमलबाईंनी विचारलं.

"एक पुरे," राऊळ म्हणाले.

दिशाचे डोळे भरून आले. ते कोणाला दिसू नयेत म्हणून तिने उरलेलं वॉफल पुढ्यात ओढलं आणि मान खाली घालून खाऊ लागली. काळजीपायी सकाळपासून तिच्या पोटात चहासुद्धा गेला नव्हता. त्या टेबलावर खरोखर ब्रंचला आलेली अशी ती एकटीच होती.