टिल्लूचा खोकला आणि लाल दिव्याचं यंत्र

एका जंगलात, बाळांनो, धुळीचं मोठं वादळ आलं. घाबरू नका, या गोष्टीत कुणी मरत नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वादळ गेलं. धूळ खाली बसली, झाडांनी अंग झटकलं, बाहेर छान वारा सुटला. पण दमयंती मुंगसाच्या बिळात भांड्यांवर धूळ, अंथरुणावर धूळ, झाकून ठेवलेल्या आमटीतसुद्धा धूळ. आणि तिचं पिल्लू टिल्लू खोकायला लागलं.

बाहेरची उरलीसुरली धूळ आत यायला नको, म्हणून दमयंतीनं बिळाची दोन्ही तोंडं जुन्या गोधड्या कोंबून बंद केली. मग ओलं फडकं घेऊन पुसायला बसली. सासूबाई म्हणाल्या, ओल्यानं चिखल होतो, आमच्या घरात झाडतात. त्यांनी खराटा घेऊन असं काही झाडलं की जमिनीवरची धूळ उठली आणि टिल्लूच्या नाकात जाऊन बसली.

शेवटी दमयंतीनं कोल्ह्याला बोलावलं. कोल्हा हवा शुद्ध करायचं यंत्र विकायचा. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. आली होती. यंत्रावर एक दिवा होता. हवा चांगली असली की हिरवा, बरी असली की पिवळा, वाईट असली की लाल. कोल्ह्यानं यंत्र सुरू केलं, दार मुळीच उघडू नका असं बजावलं आणि घाईघाईनं बाहेर जाऊन मोठा श्वास घेतला. दमयंतीनं गोधडी पुन्हा कोंबली.

हळूहळू दिवा लालाचा पिवळा झाला. टिल्लूचा खोकलाही जरा कमी झाला. दमयंतीला रडूच आलं.

"नवी वस्तू घरात आली आणि पूजा नाही?" सासूबाईंनी विचारलं.

यंत्राला हळदकुंकू लागलं. नारळ फुटला. मूठभर उदबत्त्या पेटल्या. दिवा लाल झाला आणि टिल्लू पुन्हा खोकू लागला.

सासूबाई खूश झाल्या. लाल म्हणजे शुभ, त्या म्हणाल्या, कुंकवाचाच रंग. पण यंत्र घुरघुरायला लागलं तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला. यंत्र बिळात येताना शेजारची साळिंदरीण म्हणाली होती, नवीन घेतलं वाटतं. म्हणजे यंत्राला दृष्ट लागली, हे उघडच होतं.

निखारे आले. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या यंत्रावरून ओवाळून निखाऱ्यांवर पडल्या. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर समजायचं की दृष्ट होती, हे तुम्हाला माहीत असेलच. इथे सगळ्यांना ठसका लागला. बंद बिळात धूर जायचा तरी कुठे?

"दृष्ट नव्हती गं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "थांब, धूप घालून बघू."

तेवढ्यात टिल्लूचा खोकला थांबला. श्वासच पुरत नव्हता, तर खोकणार कसा? दमयंती दचकली. तिनं एका हातात टिल्लूला उचललं, दुसऱ्या हातात यंत्र, कारण ते नवीन होतं, आणि डोक्यानं गोधडी ढकलून ती बाहेर पडली. वायर लांब होती.

बाहेर टिल्लूनं भलामोठा श्वास घेतला, शिंकला आणि म्हणाला, "आई, भूक."

यंत्राचा दिवा हिरवागार झाला. ठसके ऐकून जमलेल्या प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढंसं यंत्र, पण अख्ख्या जंगलाची हवा साफ केली, असं सगळे म्हणू लागले. तिथल्या तिथे कोल्ह्याचा सत्कार ठरला.

सत्काराच्या गडबडीत दमयंती त्याच्याजवळ गेली. "कोल्हेभावजी, रागावू नका. पण गोधडी निघाली म्हणून तर हे झालं नसेल ना?"

कोल्ह्यानं हाराच्या आडून इकडेतिकडे पाहिलं. "वहिनी, हे आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका."

दुसऱ्या दिवशी कोल्ह्यानं नवी वस्तू बाजारात आणली. दार उघडं राहावं म्हणून दाराशी ठेवायचा दगड. हमीसकट. पहिला दगड दमयंतीनंच घेतला. तिला सगळं कळत होतं. पण टिल्लूचा प्रश्न होता.

तात्पर्य: घराचं दार स्वतःच्या मनानं कधीही उघडू नये. चुकून बरं वाटलं, तर त्याची हमी कोण देणार?