तीनशे पासष्टावा दिवस

"आज तीनशे पासष्ट!" धुण्याच्या खोलीत शिरता शिरता मोठ्या सिस्टरांनी जाहीर केलं. "आता इथे अपघाताला यायचं असेल, तर त्याने आधी माझी परवानगी घ्यावी!"

बेडपॅन घासणाऱ्या मावशींनी ब्रश न थांबवता मान डोलावली.

वृद्धांच्या त्या शुश्रूषागृहाची ही मागची खोली. मळक्या चादरी, ओली फरशी, जंतुनाशकाचे कॅन, सगळं इथेच. वर्षभर इथे अपघात झाला नाही, तर बेडपॅन धुणारं यंत्र देऊ, असं विश्वस्तांनी कबूल केलं होतं. म्हणून सिस्टरांनी भिंतीवर बारा नियम लावले होते आणि दारावर, सगळ्यांना दिसेल इतक्या उंचावर, ‘अपघाताविना दिवस’ असा फळा.

मागच्या खेपेला मोजणी एकशे नव्वदपर्यंत गेली होती. त्या दिवशी मावशी घसरल्या आणि चादरींच्या ढिगावर अलगद बसल्या. खरचटलंसुद्धा नाही. "चादरी मऊ होत्या हो, सिस्टर!" असं त्या परोपरीने सांगत होत्या. पण सिस्टरांनी बाराव्या नियमावर बोट ठेवलं: ‘कोणीही, कशावरूनही, कशावरही पडलं, तर तो अपघात.’ फळ्यावर शून्य आलं.

आज दहाला विश्वस्तांकडून तपासणीच्या बाई येणार होत्या. पावणेदहा झाले तरी फळ्यावर तीनशे चौसष्टच! शिडी रंगाऱ्याने वरच्या मजल्यावर नेलेली. सिस्टरांनी बादली पालथी घातली.

"सिस्टर, चौथा नियम!"

"मावशी, तो मीच लिहिलाय."

"म्हणूनच म्हटलं. ‘बादलीवर चढू नये.’ लाल शाईत आहे."

"एका आकड्याचं तर काम! चार पुसायचा, पाच काढायचा. चढले काय नि उतरले काय!"

चार पुसला गेला. तेवढ्यात बादलीने अंग काढून घेतलं. सिस्टरांनी आधी फळा धरायचा प्रयत्न केला, मग हवा, आणि शेवटी त्या मळक्या चादरींच्या ट्रॉलीत जाऊन बसल्या. त्या ट्रॉलीच्या चाकांना, नवव्या नियमाप्रमाणे, कालच तेल घातलेलं! ती नाकासमोर चालणाऱ्या कारकुनासारखी दाराबाहेर पडली, व्हरांड्यातून निघाली, व्हीलचेअरच्या उतारावर तिने वेग घेतला आणि मुख्य दारातून आत येणाऱ्या बाईंच्या पुढ्यात, भिंतीला टेकून थांबली.

"नमस्कार," सिस्टर चादरींतून म्हणाल्या. हातात खडू तसाच होता. "ट्रॉली तपासत होते."

"ब्रेक आहे?"

"भिंत आली की थांबते."

बाईंनी ते टिपून घेतलं आणि सिस्टरांबरोबर त्या धुण्याच्या खोलीत आल्या. फळ्यावर नुसतेच छत्तीस होते.

"आज कितवा दिवस?"

सिस्टरांनी मावशींकडे पाहिलं. ब्रशने मावशींच्या बोटांची सालं निघाली होती.

"मला विचारू नका हं बाई," मावशी म्हणाल्या. "मी ब्रशकडे बघत होते."

आता फक्त ‘तीनशे पासष्ट’ म्हणायचं! सिस्टरांनी तोंड उघडलं.

"चादरी मऊ होत्या..." एवढंच बाहेर आलं. स्वतःच्या तोंडून मावशींचेच शब्द ऐकून त्या थबकल्या. मावशींचा ब्रशही थांबला.

"शून्य," सिस्टर म्हणाल्या. "मी पडले."

बाईंनी तेही टिपून घेतलं.

पंधरा दिवसांनी विश्वस्तांकडून खोकं आलं. "यंत्र!" म्हणत मावशींनी ब्रश टाकून दिला. सिस्टरांनी खोकं कापलं. आत दोन पायऱ्यांचं स्टूल होतं. सोबत चिठ्ठी: ‘सिस्टरांच्या वापरासाठी. यंत्राचं वर्षभराने पाहू.’

सिस्टर स्टुलावर चढल्या, फळ्यावर ‘१५’ लिहिलं, खाली उतरल्या आणि मावशींनी टाकलेला ब्रश उचलून निमूट बेडपॅनपाशी बसल्या.

"बेताने, सिस्टर," मावशी म्हणाल्या. "फरशी ओली आहे."