अण्णांचं दुर्मीळ फूल

ठाकूरद्वारच्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर फुलांशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि त्याला कारण मनूची एक थाप. यशोधनचे वडील, दामलेसर, म्हणजे जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. त्यांना खूश करायला मनू बोलून गेली, "आमच्या अण्णांनाही रानफुलांचं जाम वेड आहे." झालं! लग्नाच्या बोलण्यांआधी दामल्यांनी दोन्ही घरांची घाटमाथ्यावर सहलच ठरवली.

"अगं, मला झेंडू-शेवंतीपलीकडे काय कळतं?" अण्णा हवालदिल झाले.

"मोबाइलमध्ये अ‍ॅप आहे ना. फोटो काढला की नाव येतं. प्लीज अण्णा, सांभाळून घ्या. मला यशोधनशीच लग्न करायचंय."

लेकीचा रडवेला चेहरा बघून अण्णांनी कंबर कसली.

पठारावर पाय ठेवला आणि मोबाइलची रेंज गेली. नेमके तेव्हाच दामलेसर म्हणाले, "बोला अण्णा, हे कुठलं फूल?"

कातळाच्या कडेला गुलाबी फुलांचा ताटवा डोलत होता. असलं काही आपण दादरच्या फूलबाजारात पाहिलेलं नाही, याची अण्णांना खात्री होती. म्हणजे उत्तर एकच.

"दुर्मीळ!" ते ओरडले. "मागे व्हा सगळे!"

"नाव काय?"

"नावच ठेवलेलं नाही अजून!"

एकदा बोलल्यावर माघार कसली? अण्णांनी मनूची ओढणी मागून घेऊन ताटव्याभोवती कुंपण घातलं. दामलेबाईंना डब्यांच्या पिशवीसकट उठवलं. मागून आलेला ट्रेकिंगचा ग्रुपही अडवला. ललिताबाई नवऱ्याकडे बघून डोळे मोठे करत होत्या. अण्णांना वाटलं, बायको कौतुकानं बघतेय.

"काका, वर पण सेम फूल आहे," ग्रुपमधला एकजण म्हणाला. "पायाखाली पण आहे. सगळीकडे आहे!"

"मग हलू नका कुणी!"

वीसेक माणसं जागच्या जागी एका पायावर उभी राहिली. पुराव्याला फोटो हवा म्हणून अण्णा ओणवे झाले. पावसानं माती वाहून एका रोपाची मुळं उघडी पडली होती. ती बघताच अण्णा थबकले. ही तर गौरीची पावलं! त्यांनी मुकाट्यानं बूट काढले आणि हात जोडले.

"सर, हा तेरडा आहे हो," ते खाली मान घालून म्हणाले. "आमच्याकडे तेरड्याच्याच गौरी. दरवर्षी दादरहून पेपरात गुंडाळलेली जुडी मीच आणतो. घरी आली की ही तिला लगेच मुखवटा लावते, साडी नेसवते. साडीखालून दिसतात ती मुळं, तीच तिची पावलं. साडीशिवाय मी कधी बघितलीच नाही. मला फुलांतलं काही कळत नाही. पण पोरीवर राग धरू नका."

मनूनं डोळे मिटून घेतले. ट्रेकवाल्यांनी हळूच दुसरा पाय टेकला.

हसू दाबायला तोंडावर धरलेला रुमाल दामलेसरांनी काढला. "मी मघाशीच ओळखला होता. पण तुम्ही असे रंगात आलात, की थांबवायचं जिवावर आलं!"

दामलेबाई मात्र गंभीर होत्या. "आमच्याकडे तेरडा नसतो हो," त्या म्हणाल्या. "खड्यांच्या गौरी असतात. चांगले खडे निवडून आणावे लागतात. पुढच्या वर्षी मनूच आणेल."

अर्थ ध्यानात आला आणि अण्णांचे डोळे भरून आले. ते पुसत त्यांनी खाली पाहिलं. पठारभर खडेच खडे पसरले होते.

त्यांनी हळूच एक पाय वर उचलला.