हिरव्या बटणावरचा अंगठा

या, टेका जरा. घाई असली तरी टेकाच, हा किस्सा उभ्यानं ऐकायचा नाही. एका बापानं लेकीच्या पायावर धोंडा कसा पाडला, आणि तरी त्याची छाती कशी फुगली, ते सांगतो.

बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला सगळे लिफ्टवाला म्हणायचे. बायको रागावली की तीसुद्धा. एकुलती एक लेक. तिला व्हायचं होतं बिझनेस अ‍ॅनालिस्ट. हे दोन शब्द लिफ्टवाल्यानं इतके घोटले होते, की झोपेतून उठवून विचारलं तरी खाडकन सांगायचा. अर्थ विचारला की मात्र गाडी अडायची.

"म्हणजे नेमकं करायचं काय तिनं?" केस कापता कापता न्हाव्यानं विचारलं.

"धंद्यात काय बिघडलंय ते हुडकायचं. मी लिफ्टचं बघतो, ती धंद्याचं."

"मग ती आकडेमोड, ते तक्ते, डेटा-बिटा येतं का तिला?"

"ते कशाला? माझी लेक माणसांत जाते, बोलते, ऐकते. आकडे मोजायला मशीन आहे की!"

"मान हलवू नकोस, कान जाईल."

घरी बायकोचं म्हणणं उलटं. "नुसतं बोलून काय होतंय? आकडे कळले नाहीत तर आंधळी कोशिंबीर व्हायची. शिकतेय ते शिकू द्या." आणि लेक खरंच शिकत होती. शाळेत गणितात काठावर पास झालेली पोरगी, पण आईनं भाजी चिरायला घेतली की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ही लॅपटॉप उघडून आकडे चिरायला बसायची. मध्येच कपाळावर हात मारायची, मध्येच एकटीच हसायची.

आणि मग तिला एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात महिनाभर अजमावायला घेतलं. जागा एक, उमेदवार दोन. दुसरा एक टायवाला. तक्ते असे रंगीत काढायचा, की भिंतीवर लावावेत. मालकीणबाईंनी दोघांना एकच कोडं घातलं. दुकानाच्या दाराशी एक यंत्र होतं, त्यावर दोन बटणं. हिरव्यावर हसरा चेहरा, लालवर रागीट. काम आवडलं तर हिरवं दाबा, नाही आवडलं तर लाल. कोण कधी दाबतं त्याची वेळ यंत्र टिपून ठेवायचं. आणि हल्ली लोक लाल दाबत होते, सपाटून. का? ते शोधेल त्याची नोकरी.

एका संध्याकाळी लेक जेवताना म्हणाली, "बाबा, लाल काही कमी होत नाही. कारण सापडलं नाही तर जागा त्या टायवाल्याची."

लिफ्टवाल्यानं हातातला घास ताटात ठेवला. त्याचं डोकं पडलं मेकॅनिकचं. लाल दिवा लागलाय म्हणजे बिघाड, हिरवा लागला की काम फत्ते. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला, की लेकीला हिरवं पाहिजे. आणि बटण दाबण्यात या गावात आपल्याला कोण हरवणार?

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत गडी दुकानात हजर. गल्ल्यावरची बाई तेव्हा आत डबा खायला जायची, रान मोकळं. हा हळूच शिरायचा आणि हिरव्यावर अंगठा ठेवायचा. लिफ्टचं बटण तपासायची त्याची ठरलेली रीत होती. दाब, श्वास घे, दाब, श्वास घे. उजवा अंगठा दमला की क्षणभर थांबून डावा. मनसोक्त दाबून झालं की घाम पुसत बाहेर. जाताना यंत्राला थोपटायचा पण.

घरी लेक आठवडाभर लॅपटॉपला चिकटून. एकदा बापाच्या हातांकडे बघून म्हणाली, "अंगठ्याला काय झालं?"

"स्क्रू ड्रायव्हर लागला."

"दोन्ही अंगठ्यांना?"

"मोठा होता."

शेवटचा दिवस आला. लिफ्टवाल्यानं ठरवलं, आज शेवटचा हात मारायचा. सुट्टी झाली तसा तो दुकानात शिरला. गल्ल्यावर कुणी नाही. मागं धुतलेल्या कोटांची ही लांब रांग टांगलेली. त्यानं अंगठा चोळला आणि सुरू झाला. दाब, श्वास घे, दाब.

तेवढ्यात एक कोट शिंकला.

लिफ्टवाल्यानं वळून बघितलं. कोटांना पाय फुटले होते. एका कोटाखाली चकचकीत बूट, एकाखाली उंच टाचा, आणि एकाखाली सपाता. त्या त्यानंच लेकीला घेऊन दिलेल्या. अंगठा तसाच बटणावर, आणि यंत्र आपलं हसतंय.

कोट बाजूला सारून मालकीणबाई पुढं आल्या. मागून नाक पुसत टायवाला. टायवाल्यानं सकाळीच छाती ठोकून सांगितलं होतं, की पिशव्यांचा रंग मी बदलायला लावला, म्हणून हिरवं उसळलं.

"हेच का ते?" मालकीणबाईंनी लेकीला विचारलं.

"हेच," लेक म्हणाली. "मी सांगितलं होतं ना, हे सगळं हिरवं एकाच माणसाचं आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत, एका लयीत, मध्ये एकदा थांबून. गिऱ्हाईक असं दाबत नाही. हे सगळं वजा करायला हवं." मग तिनं बापाकडे बोट केलं. "आणि हे माझे वडील आहेत."

लिफ्टवाल्याला वाटलं, दोर तुटला आणि आपण लिफ्टसकट खाली चाललोय.

"वा!" टायवाला म्हणाला. "म्हणजे घरचाच माणूस उभा केला!"

"तिला काही ठाऊक नाही हो, बाई!" लिफ्टवाला हात जोडून म्हणाला. "माझी अक्कल गहाण पडली. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पोरीचं नुकसान करू नका."

मालकीणबाई कडक आवाजात म्हणाल्या, "हिच्यासाठी दाबलेलं होतं ते हिनंच वजा केलं. मग उरलं काय? लाल तर तसंच आहे."

"लालचंही सांगते," लेक म्हणाली. "लाल दाबणारे रागावलेत, तर तेच तेच लोक परत कपडे का आणतात? आणि जाड कोट, ब्लँकेटं न्यायच्या दिवशीच लाल का वाढतं? आकडे एवढंच विचारतात, उत्तर देत नाहीत. म्हणून मी दाराशी उभी राहिले. बाबा, इकडे या."

तिनं बापाच्या दोन्ही हातांवर चार जाड कोट आडवे टाकले. "आता बाहेर जा."

हात गुंतलेले. मग त्यानं सगळे करतात तेच केलं. वळला, पाठीनं दार ढकललं, आणि कोपर यंत्राला लागलं. टुंग! लाल.

"पुन्हा या."

आला, गेला. टुंग!

टायवाल्यानं हातातला रंगीत तक्ता गुंडाळला. मालकीणबाई आधी गालात हसल्या आणि मग इतक्या हसल्या, की आतली बाई घास तोंडात ठेवून बाहेर आली. "म्हणजे महिनाभर मी लोकांच्या कोपरावर चिडत होते आणि आठवडाभर ह्यांच्या अंगठ्यावर खूश होते! पोरी, नोकरी तुझी. आणि लिफ्टवाले, ते यंत्र भिंतीवर वर बसवून द्या. फुकट!"

बापलेक घराकडे निघाले. मग त्यानं चाचरत विचारलं, "मी आहे हे तुला आधीच कळलं होतं?"

"बाबा, घरची बेल तुम्ही तशीच वाजवता. दाब, श्वास, दाब."

"तरी सांगितलंस?"

"आकडे खोटे होते ना. माझ्या भल्यासाठी दाबलेले असले म्हणून काय झालं?"

लिफ्टवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. न्हाव्याकडे जाऊन खुर्चीत बसायच्या आधीच ओरडला, "लेकीनं बापाला पकडलं! बापाला! आकड्यांतून!" न्हावी म्हणाला, "म्हणजे आकडे लागतात तर." हा म्हणाला, "आकडेही लागतात, दाराशी उभं राहायला पायही लागतात, आणि बापाचं नाव घ्यायला जिगर लागते. आता काप, कान गेला तरी चालेल!"

पुढच्या महिन्यात त्यानं स्वतःचा कोट त्याच दुकानात टाकला. घ्यायला गेला तर ग्रीसचा डाग जसाच्या तसा. कोट दाराच्या मुठीला टांगून त्यानं हात मोकळे केले. यंत्रासमोर ताठ उभा राहिला. लेक गल्ल्यामागून बघतेय. त्यानं अंगठा उचलला, हिरव्यावरून सरकवला, आणि लाल दाबलं. एकदाच. आणि लेकीकडे बघून असा हसला, की जणू पदक मिळालंय.

तर आता तुम्ही निघालाच आहात, म्हणून एक मागणं आहे. कुठल्या दुकानाच्या दाराशी असं यंत्र दिसलं, तर हातातलं ओझं आधी खाली ठेवा, आणि जे खरं वाटतं ते दाबा. पण एकदाच दाबा हं. पलीकडं कुणाची तरी लेक बसलेली असते.