भागोजींचा इस्त्रीपाट

जन्नतच्या नवऱ्याने, कमालने, मस्कतहून तळहाताएवढी विजेची इस्त्री पाठवली आणि शेजारच्या भागोजींच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

इस्त्री खरं तर जन्नतची आणि भागोजींच्या बायकोची, विमलाची, अशी दोघींच्या कामाची होती. मांडवीतल्या या दोघी शेजारणी वर्षानुवर्षं एका मशीनवर गोधड्या शिवत. तुकड्याला तुकडा जोडला की शिवण दाबून बसवावी लागते, आणि त्या कामाला घरातली कोळशाची इस्त्री म्हणजे दाढी करायला कोयता. शिवण बसायची एक आणि राख उडायची चार ठिकाणी. ही नवी इस्त्री कशी, मुठीत धरली की तुकड्याच्या कोपऱ्यापर्यंत जाई.

"आता मशीनच्या बाजूला एक लहानसा पाट हवा," विमला म्हणाली. "मऊ कापड गुंडाळलेला. म्हणजे बसल्या जागी इस्त्री फिरवता येईल. सुताराला सांगूया."

"सुतार?" ओटीवरून आवाज आला. "मी काय मेलो काय?"

भागोजी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून 'घरच्या घरी' हा त्यांचा मंत्र झाला होता. घरच्या घरी त्यांनी कोंबड्यांचं खुराडं बांधलं, त्यातून कोंबड्या बाहेर पडत आणि मांजर आत शिरे. घरच्या घरी खुर्चीचा पाय बसवला, तेव्हापासून त्या खुर्चीवर फक्त पाहुण्यांना बसवत.

पहिल्यांदा त्यांनी इस्त्रीच हातात घेतली. तिचा प्लग परदेशी, चौकोनी पायांचा. तो आपल्या भोकांत शिरेना. भागोजींनी तो कापला, वायरी सोलल्या आणि आगपेटीच्या काड्या ठोकून त्या भोकांत बसवल्या. फाट्‌कन आवाज झाला आणि दोन्ही घरांचे दिवे गेले.

"भाऊ," जन्नत कुंपणापलीकडून म्हणाली, "इस्त्री माझी हाय आणि जीव तुमचा हाय. दोन्ही जरा सांभाळा."

शेवटी वायरमनने येऊन साधा प्लग लावला. भागोजी त्याच्या डोक्याशी उभे राहून "मी हेच करणार होतो" म्हणत राहिले. मग त्यांनी पाटाला हात घातला. आंब्याच्या पेटीच्या फळ्या जोडून दीड हात लांबीचा पाट झाला. त्यावर जुन्या घोंगडीचा तुकडा ताणला. आता वरून घट्ट विणीचं सुती कापड हवं होतं. विमलाने सुचवलं, "बाजारातून हातभर मांजरपाट आणा."

"विकत? घरात पडलाय की!" भागोजी म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

कारण घरात जो मांजरपाट पडला होता तो कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. भागोजींचे व्याही सखारामभाऊ नगरपालिकेच्या मागच्या निवडणुकीला उभे होते. मांडवीच्या नाक्यावर लावायला त्यांनी एक लांबलचक कापडी फलक मोठ्या विश्वासाने भागोजींच्या हाती दिला होता. भागोजींनी कापड चाचपून पाहिलं. नवंकोरं, जाड, दणकट. खाऱ्या वाऱ्यात फाटायला हे टांगायचं? त्यांचा जीव धजेना. फलकाची घडी ट्रंकेत गेली, आणि दुसऱ्या दिवशी भागोजींनी व्याह्यांना सांगितलं, "विरोधकांनी पळवला हो!"

सखारामभाऊ थोडक्यात पडले. तेव्हापासून मांडवीचा चोरलेला फलक हे त्यांचं आवडतं दुःख झालं होतं. लग्नमुंजीत, दुकानाच्या पायरीवर, तेराव्याच्या पंगतीतसुद्धा ते त्यावर भाषण करीत. विरोधकांची दोन पोरं त्यापायी चौकीत बसून आली होती. साक्षीदार अर्थात भागोजी.

भागोजींनी दुपारी सगळे झोपलेले पाहून ट्रंक उघडली, फलकाचा मधला तुकडा कापला आणि पाटावर ठोकला. लाल अक्षरं आत, कोरी बाजू वर. कुणाच्या बापाला कळणार?

"झकास झालाय," विमला म्हणाली. नवऱ्याच्या हातून काही झकास झाल्याचं तिला इतकं नवल वाटलं की कापड कुठलं हे विचारायचं राहूनच गेलं.

त्या पाटावर पहिली मोठी गोधडी झाली ती लेकीच्या, चिमाच्या मुलासाठी. बारसं आजोळी होतं. विहीणबाई, यमुनाबाई, हात लावून टाका पारखणाऱ्या. लग्नाच्या रुखवतातली गोधडी उलटून पाहत "बरी आहे" एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि ते 'बरी' विमलाला अजून डसत होतं. म्हणून तिने आणि जन्नतने महिनाभर डोळे फोडले. पुढून रंगीत तुकड्यांची नक्षी, मागून पांढरंशुभ्र अस्तर.

सुटे तुकडे कोरडेच दाबले होते. बारशाच्या आदल्या संध्याकाळी मात्र पुरी झालेली गोधडी पाटावर पसरून, वरून ओलं फडकं टाकून, जन्नतने इस्त्री चांगली दाबून फिरवली. इथून तिथवर सगळी. मग घडी घालायला दोघींनी ती उलटली.

"या अल्ला!" जन्नत म्हणाली.

पांढऱ्या अस्तरावर ठिकठिकाणी गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं: 'सखारामभाऊंना निवडून द्या.'

उलटी उमटली असती तर निदान वाचता तरी आली नसती. पण भागोजींनी हुशारीने अक्षरं आत केली होती. ती ओलीने कापडातून वर पाझरली ती उलटी होऊन, आणि त्या उलट्यावरून गोधडीवर उतरली ती अगदी शाळेच्या फळ्यासारखी सुलटी.

विमलाने पाटाचं कापड उचकटून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, हा तो चोरीला गेलेला?"

"चोरीला गेलेला सापडला, असं समज," भागोजी पुटपुटले.

"तुम्ही त्या पोरांना चौकीत बसवलंत की हो!"

"आता मागचं कशाला उकरतेस? डाग काढूया. घरच्या घरी."

त्यांनी लिंबू चोळलं, मीठ चोळलं, सोडा चोळला. त्याचा परिणाम असा झाला की अस्तर आणखी पांढरं झालं आणि अक्षरं ठसठशीत उठून दिसायला लागली. नवं अस्तर लावायला वेळ नव्हता. दिवाणखान्यात फुगे बांधून झाले होते आणि पाहुणे सकाळीच यायचे होते.

"पुढची बाजू वर ठेवून पाळण्यात घालूया," जन्नतने तोड काढली. "उलटायला कोण जातंय?"

पाळण्यात ती घातल्यावर यमुनाबाईंनी नक्षीवरून हात फिरवला. "छान आहे," त्या म्हणाल्या. विमलाचे डोळे भरून आले. या 'छान'ला तिने मनातल्या मनात फ्रेम केली. पण बारसं म्हटलं की बाळ पाळण्याच्या वरून, खालून, या बाईकडून त्या बाईकडे फिरवायचं असतं, हे तिघंही विसरले होते. बाळ थंडीने कुरकुरायला लागलं म्हणून चिमाने त्याला गोधडीसकट उचललं. गोधडी फिरत फिरत सुटली आणि नेमकी सखारामभाऊंच्या पुढ्यात उलटी लोंबली.

बायकांचं पाळण्याचं गाणं थांबलं. सखारामभाऊंनी चष्मा लावला. भागोजी भिंतीला लागून उभे होते, ते भिंतीत शिरायची वाट शोधू लागले.

"हे अक्षर," सखारामभाऊ सावकाश म्हणाले, "आमच्या पेंटरचं आहे."

"अं... हो," भागोजी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही त्या पेंटरला हुडकून काढलंत? माझ्या नातवाच्या अंगावर माझं नाव घालायला?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "अरे, मतदार विसरले, पण माझा व्याही विसरला नाही!" त्यांनी भागोजींना मिठी मारली आणि तिथेच, पाळण्याला हात लावून, पुढची निवडणूक लढवायची घोषणा केली. मांडवीचा प्रचार भागोजींकडे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाळाचं नाव ठेवायचं राहिलं होतं, ते आत्याने मागाहून उरकून घेतलं.

भागोजी पाणी प्यायला मागच्या पडवीत आले, तर मागोमाग यमुनाबाई.

"फलक तुमच्याकडेच होता ना, भागोजीभाऊ?"

भागोजींनी तांब्या खाली ठेवला. "विहीणबाई, मी..."

"घाबरू नका. तुमचे उपकार आहेत. पडले म्हणून निदान रात्री घरी जेवायला तरी येतात. निवडून आले असते तर घरात दिवसभर चपलांचा ढीग आणि माझं चहाचं आधण." त्यांनी आवाज खाली आणला. "आताही फलक तुमच्याकडेच येतील. एकही नाक्यावर दिसता कामा नये. कापड विमलाताईंना द्या. कळलं?"

भागोजींनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चोरीचं काम सन्मानाने मिळत होतं.

नातू चालायला लागला त्या सुमारास निवडणूक आली. भागोजींनी यमुनाबाईंना दिलेला शब्द पाळला. बाजारपेठेत, स्टँडवर, सगळीकडे सखारामभाऊंची नावं फडकत होती. मांडवीत मात्र एक अक्षर नव्हतं. फलक आले तसे विमलाने ते उकळत्या पाण्यात घालून रंग काढला आणि दोघी शेजारणींना वर्षभर पुरेल एवढं अस्तर झालं.

मतमोजणीच्या दिवशी बाजारपेठेने सखारामभाऊंना पाडलं. स्टँडकडच्यांनी पाडलं. शेवटी मांडवीच्या पेट्या फुटल्या आणि सगळं चित्र पालटलं. बाकीच्या उमेदवारांच्या फलकांना, कर्ण्यांना, भिंतीवरच्या रंगांना मांडवीकर एवढे वैतागले होते की ज्याने त्यांच्या नाक्यावर एक चिंधीही टांगली नाही, अशा एकमेव सभ्य माणसाला त्यांनी भरभरून मतं दिली होती.

गुलालाची मिरवणूक थेट भागोजींच्या दारात आली. सखारामभाऊंनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून व्याह्यांच्या गळ्यात घातला. "हा विजय यांचा!" ते ओरडले. "मांडवीत असं काम आजवर कुणी केलं नव्हतं!"

भागोजींनी हसायचा प्रयत्न केला. मिरवणुकीच्या मागे, रिक्षात, यमुनाबाई बसल्या होत्या. त्यांनी भागोजींकडे एकदाच पाहिलं, आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चल बाबा, घरी. चहा टाकायचाय."