वीस माणसांचा टीम लीडर

कंत्राटी प्रोग्रामरचा बायोडेटा एजन्सीवाला लिहितो, प्रोग्रामरने तो फक्त पाठ करायचा असतो. भिडस्तरावांनी आपला बायोडेटा बसमध्ये तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्यांना वाटलं, कोण बुवा हा माणूस, एकदा भेटलं पाहिजे.

भिडस्तराव हे नाव बायकोनं ठेवलेलं. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की हे हो म्हणून मोकळे व्हायचे. चार महिने हातात काम नव्हतं आणि दिवस शेजाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालण्यात जात होता. आजच्या मुलाखतीतलं काम हुकलं तर सोमवारपासून मेव्हण्याच्या फरश्यांच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. मेव्हणा माणूस चांगला, पण सकाळी बोलायला लागला की संध्याकाळीच थांबायचा.

त्यामुळे ज्या दोन वर्षांत भिडस्तरावांनी एका तळघरात एकट्यानं कोड लिहिला, त्यापुढे एजन्सीवाल्यानं ‘वीस जणांच्या टीमचं नेतृत्व’ असं ठोकून दिलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, की वीस जरा जास्त होतात. त्यानं मोठ्या मनानं अठरा करायची तयारी दाखवली. मग यांनीच वीस राहू दिले.

मुलाखत घेणाऱ्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्यांतल्या होत्या. टीम कशी सांभाळली, म्हणून त्यांनी विचारलं. भिडस्तरावांनी सांगितलं, की दोन वर्षांत कुणाचं कुणाशी एकदाही वाजलं नाही, सगळे एका विचारानं वागायचे. हे अगदी खरं होतं. बाई खूश दिसल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा यांच्याकडे वळवला. पार्सलांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारा तो प्रोग्राम होता. जुना आहे, कुणी लिहिला देव जाणे, असं बाई म्हणाल्या.

भिडस्तरावांनी दोन ओळी वाचल्या आणि प्रोग्राम ओळखला. तो त्यांचाच होता. काम कुणासाठी चाललंय हे कंत्राटी माणसाला कोण सांगतं? कसा वाटतो, असं बाईंनी विचारल्यावर ते हळूच म्हणाले, बरा आहे.

“बरा कसला? ही ओळ बघा. प्रत्येक चिठ्ठीनंतर प्रोग्राम तीन सेकंद नुसता थांबतो. वर लिहून ठेवलंय, ही ओळ काढू नये. शुद्ध मूर्खपणा आहे.”

भिडस्तराव आयुष्यात खूप ऐकून घेत आले होते, पण हे काही त्यांना सोसेना.

“मूर्खपणा नाही, मॅडम. तेव्हाच्या प्रिंटरला कागद कापायला तीन सेकंद लागायचे. थांबलं नाही तर एकाचा पत्ता दुसऱ्याच्या पार्सलवर जायचा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मीच लिहिलाय.”

बोलून बसले आणि मग जीभ चावली. बाईंनी प्रोग्रामवरची तारीख पाहिली, मग बायोडेटा पाहिला. त्या दोन वर्षांत हे गृहस्थ वीस माणसं सांभाळत होते. आली का पंचाईत! एक खरं धरलं तर दुसरं धडधडीत खोटं. थट्टा केली असं सांगून वेळ मारून नेता आली असती. मेव्हण्याचं दुकान डोळ्यांपुढे दिसतही होतं. पण आपल्या हातानं लिहिलेला कोड दुसऱ्याचा म्हणायला त्यांचं मन घेईना.

“टीम नव्हती,” ते म्हणाले. “मी एकटाच होतो. वीस माणसं एजन्सीनं घातली आणि मी घालू दिली.”

“म्हणजे हे खोटं?”

“हो. आणि ओळ का काढू नये तेही मी लिहायला हवं होतं. ते चुकलंच माझं.”

ते कागद आवरून उठायला लागले. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बसा. सकाळपासून सात जण येऊन गेले. सातही टीम लीडर. मिळून एकशे चाळीस माणसं सांभाळलीत त्यांनी, पण स्वतः कोड लिहिलाय असं एकही म्हणेना. मला लिहिणारा हवाय हो. सोमवारी येता?”

भिडस्तरावांनी भीतभीत विचारलं, टीम किती जणांची असेल.

“तुम्ही एकटेच,” बाई म्हणाल्या, आणि भिडस्तरावांचा जीव भांड्यात पडला.