एम चौदावरचा चौकीदार

सिनेमात खून होत असताना तुम्ही डोळे मिटले, तर तो माणूस तुमच्या तिकिटावर मरत नाही आणि खेळ सुटल्यावर त्याला घरी न्यावं लागतं. आमच्या गावच्या टॉकीजचा हा जुना नियम आहे. तो तिकिटाच्या मागच्या बाजूला छापलेलाही आहे. याच कारणाने पोस्टमास्तर हुद्दारांकडे दोन स्मगलर आणि एक पुजारी राहतात. पुजारी निदान उपयोगी तरी पडतो.

म्हणून मी मारामारीच्या सिनेमांच्या वाटेला जात नाही. माझी बायको वैजयंती मात्र एकही सोडत नाही. जितका रक्तपात जास्त तितकी ती खूश, आणि दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता शेजारणींना कुणाला कुठे किती वार बसले ते नीट सांगणार. त्या रविवारी तिची नेहमीची मैत्रीण पाय मुरगळून घरी बसली आणि दुसरं तिकीट माझ्या गळ्यात पडलं.

"डोळे मिटायचे नाहीत," आत शिरताना तिने मला बजावलं. "दोन खोल्यांत मला पाहुणे नकोत."

"नाही मिटणार," मी म्हणालो. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत मी एकवीस वर्षं काढली आहेत. मृत्यूचं मला वावडं नाही. तो कागदावर असावा, एवढंच माझं म्हणणं असतं.

विसाव्या मिनिटाला खलनायक कारखान्याच्या फाटकापाशी आला. तिथला चौकीदार म्हणाला, "पास दाखवा साहेब." अख्ख्या सिनेमात त्याला तेवढंच वाक्य होतं. खलनायकाने कोयता काढला आणि मी डोळे मिटले. आवाज बराच वेळ येत राहिले. शेजारी वैजयंतीचं शेंगदाणे खाणंही चालू होतं.

खेळ सुटला तेव्हा मॅनेजर मुजावर वही घेऊन दारात उभे होते. त्यांच्या बाजूला तो चौकीदार होता, हातात काठी, अंगावर खाकी गणवेश.

"एम चौदा ना?" मुजावर मला म्हणाले. "हे तुमचे."

"असे कसे आमचे?" वैजयंती उसळली. "मी या डोळ्यांनी बघितलंय. मानेवर दोन, पाठीत पाच. त्यातनं कोण वाचतंय?"

"वहिनी, तुम्ही एम तेरा. तेरावर ते मेले, माझं काही म्हणणं नाही. चौदावर जिवंत आहेत." मुजावरांनी वहीचं पान उलटलं. "पिक्चर गुरुवारपर्यंत आहे. गुरुवारी दुपारच्या खेळाला यांना परत आणा, मी पडद्यामागं सोडतो. साहेबांनी डोळे उघडे ठेवून बघायचं, की प्रकरण संपलं. नाही जमलं, तर शुक्रवारपासून हे कायमचे तुमच्याकडं."

वैजयंतीने माझ्या वतीने हमी दिली आणि मी सही केली. फॉर्म सुटसुटीत होता. आमच्या खात्यात असा एक नाही.

घरी आल्यावर तिने दोनच ताटं वाढली. "मेलेल्या माणसाला काय वाढायचं?" ती म्हणाली. मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी त्याला दिली.

"बाईंचं बरोबर हाय," चौकीदार म्हणाला. "त्यांनी बघितलंय. तुम्ही वाद घालू नका."

तो दिवसभर दारात उभा राही. दूधवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला, मलासुद्धा तो पास विचारी. मी ऑफिसचं ओळखपत्र दाखवून घरात जाऊ लागलो. मंगळवारी बघतो तर ताटं तीन होती. मी वैजयंतीकडे पाहिलं.

"मेलेल्यालाही पान वाढतातच की," ती फणकारली आणि त्याच्या भातावर तूप सोडलं.

बुधवारी संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. चौकीदार काठी बाजूला ठेवून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, एक इचारू? तुम्ही बघितलं न्हवं. मला लई येळ लागला का?"

दहा वर्षांपूर्वीच्या सिनेमातले वारसुद्धा मोजून सांगणारी ही बाई. तिने एक जुडी निवडली, मग दुसरी ओढली.

"नाही," ती म्हणाली. "पटकन झालं."

मी आतल्या खोलीत होतो. मिटल्या डोळ्यांनी मी ते सगळं ऐकलं होतं आणि ते मुळीच पटकन झालेलं नव्हतं. चौकीदाराने मान डोलावली. "मग बरंय," तो म्हणाला आणि पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. मला रडू येईल असं वाटलं, पण दिलेली सही मोडायची माझी हिंमत नव्हती.

गुरुवारी आम्ही तिघे टॉकीजवर गेलो. मुजावर त्याला पडद्यामागे घेऊन निघाले, तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"साहेब, डोळं उघडं ठेवा. आपल्यापायी तुमच्या सहीला बट्टा नको."

हॉलमध्ये आम्ही सोडून नऊ माणसं होती. विसाव्या मिनिटाला मुजावर टॉर्च घेऊन माझ्यापाशी आले आणि माझ्या चेहऱ्यावर झोत टाकून उभे राहिले. पडद्यावर चौकीदार म्हणाला, "पास दाखवा साहेब." खलनायकाने कोयता काढला. मी डोळे ताणून धरले होते. आता मीच त्याला मारणार हे मला स्वच्छ कळत होतं.

इतक्यात एक तळहात माझ्या डोळ्यांवर घट्ट येऊन बसला.

"वहिनी, हात काढा," मुजावर म्हणाले.

"का? त्यांचे डोळे उघडेच आहेत. विचारा हवं तर."

"उघडे आहेत," मी हाताखालून सांगितलं.

"पण दिसतंय काय?"

"हात."

मुजावर विचारात पडले. "मग मिटल्यातच जमा धरावं लागेल," ते म्हणाले. "आणि तुमचे, वहिनी?"

टॉर्चचा झोत तिच्याकडे वळला असावा. मग वहीवर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला. "तेरा आणि चौदा, दोन्हींवर जिवंत."

तिने हात काढला तेव्हा फाटकावर कुणी नव्हतं आणि सिनेमा पुढे गेला होता. उरलेल्या नऊ तिकिटांवर तो व्यवस्थित मेला होता. चौकीदार बाजूच्या दाराने अंधारात चाचपडत आमच्या रांगेत आला. अंगावर एक ओरखडा नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याचा हात धरला आणि सोडायचं विसरलो.

"काय झालं वं?" त्याने विचारलं.

"कोण जाणे," वैजयंती म्हणाली. "आम्ही बघितलंच नाही. बसा."

तो माझ्या पलीकडे बसला. विसाव्या मिनिटानंतरचा सिनेमा त्याने कधी पाहिलाच नव्हता. गाण्याला तो मनापासून हसला आणि नायिकेची आई आजारी पडली तेव्हा हळहळला. मध्यंतरानंतर कारखान्याच्या दिवाणजींवर खलनायकाने बंदूक रोखली, तसे त्याने दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले.

मुजावर लगेच हजर झाले. "यांचं तिकीट आहे का? बिनतिकिटाचं धरत नाही आम्ही."

मी वैजयंतीकडे पाहिलं. तिने पर्स उघडली आणि एक तिकीट काढून त्यांच्या टॉर्चखाली धरलं.

"एम पंधरा," ती म्हणाली. "सकाळीच काढून ठेवलंय."

मुजावरांनी तिकिटाच्या दोन्ही बाजू तपासल्या आणि नोंद केली.

येताना रिक्षात फार दाटी झाली. दिवाणजी अंगाने भरलेले, त्यामुळे त्यांना पुढे बसवावं लागलं. रिक्षा चौकात आली. मग वैजयंतीने पुढे वाकून विचारलं, "दिवाणजी, तुम्हाला तिखट चालतं का?"

"बेताचं," दिवाणजी म्हणाले.